पाच दिवसांत पाच विजय: बास्केटबॉलच्या भाकितामागचे गणित

मार्च 2024 मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स (एसीसी) या विद्यापीठांच्या क्रीडागटाची पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा वॉशिंग्टनमधील कॅपिटल वन अरीनात सुरू झाली, तेव्हा नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संघाला पंधरा संघांत दहावे मानांकन होते. नियमित हंगामातील शेवटचे चारही सामने हा संघ हरला होता आणि विजेतेपदासाठी त्याला पाच दिवसांत पाच सामने जिंकणे भाग होते. त्याने लुइव्हिल, सिरॅक्यूज, ड्यूक आणि व्हर्जिनिया यांना ओळीने हरवले आणि अंतिम सामन्यात अग्रमानांकित नॉर्थ कॅरोलिना या दुसऱ्या विद्यापीठाच्या संघावर 84-76 अशी मात केली. एसीसीच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच विजय त्याआधी कोणालाही मिळवता आले नव्हते. साहजिकच सगळे अंदाजपंडित तोंडघशी पडले अशी चर्चा झाली. पण भाकीत कसे तयार होते हे पाहिले, तर तो निष्कर्ष घाईचा ठरतो.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागात साडेतीनशेहून अधिक संघ असून ते तीसेक कॉन्फरन्सेसमध्ये विभागलेले आहेत. हंगाम संपला की प्रत्येक कॉन्फरन्स आपली बाद पद्धतीची स्पर्धा घेते आणि तिच्या विजेत्याला 68 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. लहान कॉन्फरन्सच्या संघांसाठी बहुधा तो एकच दरवाजा उघडा असतो, त्यामुळे मार्चच्या त्या आठवड्यात काय होईल याचा अंदाज बांधण्यात हजारो लोक गुंतलेले असतात.

अंदाजाची सुरुवात संघाची ताकद मोजण्यापासून होते. नुसते जय-पराजय मोजून भागत नाही, कारण दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवर वीस विजय मिळवणारा संघ बलाढ्य असेलच असे नाही. सामन्यातले एकूण गुणही फसवे असतात, कारण वेगवान संघाला चेंडूचा ताबा अधिक वेळा मिळतो. म्हणून केन पॉमेरॉय यांच्यासारखे विश्लेषक दर शंभर ताब्यांमागे संघ किती गुण करतो आणि किती देतो, हे प्रतिस्पर्ध्याच्या दर्जानुसार दुरुस्त करून काढतात. ही दुरुस्ती एकदा करून थांबता येत नाही: प्रतिस्पर्ध्याचा दर्जा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून असतो, त्यामुळे आकडे स्थिरावेपर्यंत गणित पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. पॉमेरॉय स्वतः अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेत हवामानशास्त्रज्ञ होते, हे इथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे, कारण शक्यतांच्या भाषेत भाकीत करणे हे त्या क्षेत्राचे नेहमीचेच काम.

समजा, एक संघ शंभर ताब्यांमागे प्रतिस्पर्ध्यांपेक्षा 20 गुण अधिक करतो आणि दुसरा 10. चाळीस मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाला साधारण सत्तर वेळा ताबा मिळतो, म्हणजे पहिला संघ सरासरी 7 गुणांनी जिंकेल अशी अपेक्षा धरता येते. प्रत्यक्ष निकाल मात्र या अपेक्षेभोवती बराच विखुरलेला असतो आणि या विखुरण्याचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून दूर जाण्याचे ठरावीक माप, सुमारे 11 गुणांचे असते. घंटाकृती वक्राच्या तक्त्यात हे आकडे घातले की पहिल्या संघाच्या विजयाची शक्यता सुमारे 74 टक्के निघते. यजमान संघाला मिळणारा साधारण तीन गुणांचा फायदा तटस्थ कोर्टवर वगळला जातो. अर्थात सगळी तटस्थ कोर्ट सारखीच तटस्थ नसतात. बिग ईस्ट कॉन्फरन्सची स्पर्धा 1983 पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होते आणि त्याच शहरातला सेंट जॉन्स विद्यापीठाचा संघ हंगामातले काही घरचे सामने तिथेच खेळतो.

अकरा गुणांचे हे विखुरणे किती मोठे आहे, ते व्हर्जिनियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दिसले. शेवटचे काही सेकंद उरले असताना नॉर्थ कॅरोलिना स्टेट तीन गुणांनी मागे होता आणि फ्री थ्रो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळणारा विनाअडथळा फेकीचा हक्क, व्हर्जिनियाच्या हातात होता. तो हुकला, आणि मायकल ओकॉनेलने वेळ संपता संपता लांबून टाकलेला चेंडू रिंगवर अडखळून आत पडला आणि तीन गुण मिळून बरोबरी झाली. जादा वेळेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट 73-65 असा जिंकला. संथ खेळ हे व्हर्जिनियाचे वैशिष्ट्य होते. ताबे जितके कमी तितका नशिबाचा वाटा मोठा, म्हणून सरस संघाने संथ खेळणे गणिताच्या दृष्टीने थोडे महागात पडते.

एका सामन्याकडून पूर्ण स्पर्धेकडे जाताना सामन्यांचा तक्ता महत्त्वाचा ठरतो. एसीसीत 2024 मध्ये पहिल्या चार मानांकितांना दोन फेऱ्या पुढे चाल होती, त्यामुळे त्यांना तीनच विजय पुरेसे होते. पाचव्या ते नवव्या संघाला चार आणि खालच्या सहा संघांना पाच विजय हवे होते. प्रत्येक सामना जिंकण्याची 85 टक्के शक्यता असलेला संघ घेतला, तर सलग तीन विजयांची शक्यता 61 टक्के भरते आणि पाच विजयांची जेमतेम 44. प्रत्यक्षात पुढच्या फेऱ्यांत प्रतिस्पर्धी तगडे होत जातात. 85, 75 आणि 65 टक्के असे तीन सामने धरले तर गुणाकार 41 टक्क्यांवर येतो. म्हणजे ज्याच्या नावापुढे सर्वांत मोठा आकडा आहे, तो संघ विजेता न होण्याचीच शक्यता अधिक असते. ‘विजेता कोण?’ असे विचारणाऱ्याला हे उत्तर पटत नाही, पण ते प्रामाणिक असते. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सने याच गणिताचा उघड वापर करून पहिल्या दोन संघांना थेट उपांत्य फेरीत बसवले, त्यामुळे गोन्झागासारख्या संघाला विजेतेपदासाठी दोनच सामने जिंकावे लागत.

सगळे संघ आणि फेऱ्या यांचा हिशेब मांडण्यासाठी बहुतेक जण संगणकावर तीच स्पर्धा दहा हजार वेळा खेळवतात आणि कोण किती वेळा जिंकले ते मोजतात. या ‘मॉन्टे कार्लो’ पद्धतीची कल्पना गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांना 1946 मध्ये आजारातून उठताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत असताना सुचली.

माझ्या मते बहुतेक हौशी भाकिते इथेच फसतात. दहाव्या मानांकिताला प्रत्येक सामन्यात 30 टक्के शक्यता दिली आणि पाच वेळा गुणाकार केला, तर 412 मध्ये एक असे उत्तर येते. पण ते 30 टक्के हाही एक अंदाजच आहे. संघ प्रत्यक्षात थोडा दुबळा (20 टक्के) किंवा थोडा सरस (40 टक्के) असण्याची शक्यता समसमान धरली, तर सरासरी 30 टक्केच राहते, पण पाच विजयांची शक्यता 189 मध्ये एक होते, म्हणजे दुपटीहून अधिक. कारण सरस असेल तर तो पाचही सामन्यांत सरसच राहणार. म्हणून संगणकावर प्रत्येक स्पर्धेच्या आरंभी संघाची ताकद एकदाच यदृच्छेने निवडून ती शेवटपर्यंत कायम ठेवणे आवश्यक असते. ज्या नमुन्यात, म्हणजे भाकिताच्या गणिती मॉडेलमध्ये, ही काळजी घेतलेली नसते, तो वरच्या संघांवर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

शिवाय दरवर्षी अशा तीसेक स्पर्धा होतात. प्रत्येकीत शंभरात एक असा धक्का संभवतो असे मानले, तरी वीस वर्षांत सहा वेळा तो अपेक्षितच आहे. बिग ईस्टमध्ये 2011 साली नवव्या मानांकित कनेक्टिकटने केम्बा वॉकर या खेळाडूच्या जोरावर पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले. त्याआधी 2008 मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या स्पर्धेदरम्यान अटलांटातील जॉर्जिया डोम या स्टेडियमला टॉर्नेडोचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळाचा, तडाखा बसला, सामने जॉर्जिया टेकच्या कोर्टवर हलवावे लागले, आणि नियमित हंगामात सोळापैकी चारच कॉन्फरन्स सामने जिंकलेला जॉर्जियाचा संघ एकाच दिवशी दोन सामने जिंकून अखेर विजेता ठरला. वादळ कोणत्याही नमुन्यात नव्हते.

मग भाकीत चांगले की वाईट, हे कसे ठरवायचे? एका निकालावरून ते ठरत नाही. ज्यांना 70 टक्के दिले ते दीर्घकाळात दहापैकी सात वेळा जिंकतात का, हे पाहावे लागते. त्यासाठी वापरला जाणारा ब्रायर गुणांकही हवामान खात्यातूनच आला. ग्लेन ब्रायर यांनी तो 1950 मध्ये मांडला. दिलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट (घडली तर 1, नाही तर 0) यांतील फरकाचा वर्ग, एवढाच त्याचा अर्थ. मात्र अतिदुर्मीळ घटनांत तो बोथट ठरतो: 189 मध्ये एक आणि 412 मध्ये एक म्हणणाऱ्या दोघांनाही जवळपास सारखाच दंड बसतो. लघुगणकावर (लॉगॅरिदमवर) आधारलेली दुसरी पद्धत हा फरक नेमका पकडते, आणि तिच्या हिशेबात शून्य टक्के म्हणणाऱ्याचा दंड अनंत असतो. त्यामुळे संगणकावरच्या दहा हजार स्पर्धांत एखादा संघ एकदाही जिंकला नाही, तरी जाणकार त्याच्यापुढे शून्य न लिहिता एखादा लहानसा आकडा ठेवतात.