टप काढलेली हेराल्ड

आमच्या म्हापशाच्या घरात एक फोटो आहे. अंगणात गाडी उभी, अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला कलंडलेलं, आणि थोरले मामा चक्क पुढच्या टायरवर बसून कार्बुरेटरशी खटपट करताहेत. गाडीला टप नाही. फोटोमागे पेन्सिलीने १९७४ लिहिलंय. मामा आता पंचाहत्तरी ओलांडून गेले, पण त्या गाडीचा विषय निघाला की आजही ‘माझी स्पोर्ट्स कार’ म्हणतात. कागदोपत्री ती स्पोर्ट्स कार नव्हती. मद्रासला बनलेली, दोन दारांची साधी स्टँडर्ड हेराल्ड होती ती. टप म्हापशाच्या एका मेस्ताने, म्हणजे मिस्त्रीने, काढला आणि नंतर स्वतःच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून टाकला.

तरीही मामांचा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो समजायला थोडं मागे जावं लागतं.

पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात मोटार ही युरोपातून बोटीने येणारी वस्तू होती. १९५०च्या दशकात लोहखनिजाच्या निर्यातीने खाणमालक, बार्जवाले, दलाल यांच्या हातात पैसा खुळखुळू लागला. त्याच सुमारास, १९५४-५५ मध्ये, भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि सीमा आवळल्या. शेजारून येणारा माल थांबला, तसा मुरगाव बंदरातून परदेशी माल जास्तच येऊ लागला. घड्याळं, रेडिओ, स्कॉच आणि गाड्यासुद्धा. ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीज. पणजी-म्हापसा टॅक्सी म्हणून मर्सिडीज धावत असे, हे मुंबईच्या पाहुण्यांना सांगितलं तर त्यांना थाप वाटायची. आणखी एक गंमत होती. पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहतूक उजव्या बाजूला नेली, पण गोव्याची हद्द ब्रिटिश मुलखाला लागून असल्याने इथे डावीकडूनच गाड्या चालत राहिल्या. त्यामुळे युरोपातून जशीच्या तशी आलेली, डावीकडे स्टीअरिंग असलेली गाडी डाव्या बाजूनेच हाकायची, म्हणजे ओव्हरटेक करताना समोरचं काही दिसायचं नाही. मामा सांगतात, शेजारच्या खाणवाल्यांच्या ओपेलमध्ये ते पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांचं कामच ते होतं. खिडकीतून मान बाहेर काढायची आणि ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचं.

तेव्हा मामा दहा-बारा वर्षांचे असतील. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. एक वेगळीच खिडकी त्याबरोबर बंद झाली, तिची नोंद इतिहासाच्या पुस्तकात सापडायची नाही. भारतात तयार परदेशी गाड्यांची आयात स्वातंत्र्यानंतर लवकरच अडवली गेली होती. १९५३ मध्ये तर इथेच सुटे भाग बनवण्याची तयारी नसेल त्या कंपन्यांनी गाशा गुंडाळावा, असं धोरण ठरलं. फोर्ड आणि जनरल मोटर्स त्यात गेल्या. उरल्या अॅम्बॅसडर, फियाट आणि मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीच्या गाड्या. मुक्तीनंतर हेच नियम गोव्याला लागू झाले. लहानपणी रस्त्यावर मर्सिडीज पाहिलेली पोरं वीस वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्यासमोर पर्याय तीनच होते आणि त्यांसाठीही नंबर लावून ताटकळावं लागायचं.

नेमक्या याच काळात इंग्लंडमध्ये छोट्या, स्वस्त, उघड्या स्पोर्ट्स कारचा सुकाळ होता. एमजी मिजेट १९६१ची, एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर १९६२च्या. लंडनला गेलेले गोंयकार पत्रांबरोबर फोटो धाडायचे, त्यात एखादा चुलतभाऊ एमजीला टेकून उभा. सत्तरच्या दशकात हिप्पी लोक फोक्सवॅगनच्या व्हॅन घेऊन जमिनीच्या वाटेने हणजुण्याच्या किनाऱ्यापर्यंत यायचे, पण त्यांच्या गाड्या कार्ने या कस्टमच्या कागदावर आलेल्या. म्हणजे परत देशाबाहेर न्यायच्याच, विकण्याची सोय नाही. नुसतं बघायचं.

अशा वेळी हेराल्डकडे पाहण्याची दृष्टीच वेगळी होती, आणि ती उगाच नव्हती.

ट्रायम्फ हेराल्ड, म्हणजे आपल्या स्टँडर्ड हेराल्डचं मूळ, इंग्लंडमध्ये १९५९ला आली. तिचं रूप ट्यूरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने घडवलं. गाडीची रचना मात्र नाइलाजातून ठरली. ट्रायम्फला बॉडी पुरवणारा जुना कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला आणि अख्खी बॉडी एका जागी बनवून देणारं कोणी उरेना. मग जुन्या पद्धतीची वेगळी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, घ्यायची आणि तिच्यावर ठिकठिकाणी बनवलेले बॉडीचे तुकडे बोल्टने आवळायचे, असा तोडगा निघाला. म्हणून हेराल्डचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडतं आणि मेकॅनिकला टायरवर बसून काम करता येतं. म्हणूनच तिचा टपही बोल्टवर असतो, पाना लावला की सुटतो. आमच्या मेस्ताने करवत लावली, असं मी लहानपणापासून समजत होतो. मामांनी मला वेड्यात काढलं. “करवत कशाला? पाने आणि अर्धा दिवस. टप कापावा लागणारी गाडी असती तर ती मधोमध वाकली असती.” चेसिस वेगळी असल्यामुळे टप काढूनही गाडी ताठ राहते, ही गोष्ट इंग्लंडच्या कारखान्यालाही ठाऊक होती. तिथे १९६०पासून हेराल्डची उघडी आवृत्ती विकायला होती.

आता मुद्द्याची गोष्ट. स्पिटफायर, म्हणजे त्या काळातली खरीखुरी स्पोर्ट्स कार, याच हेराल्डची चेसिस आखूड करून बनवली होती. डिझायनर तोच, बॉनेट तसंच पुढे उलटणारं, पुढची-मागची सस्पेन्शनही मुळात हेराल्डचीच. फरक मुख्यतः इंजिनात. आपल्याकडची हेराल्ड ९४८ सीसीची, पस्तीसेक अश्वशक्तीची. पहिली स्पिटफायर ११४७ सीसीची, त्रेसष्ट अश्वशक्तीची. हाडं एकाच घराण्याची, ताकद निम्मी. मामांच्या पिढीला हे नातं पाठ होतं. फियाट टप काढून स्पोर्ट्स कार होत नसे. हेराल्ड निदान चुलत घराण्यातली तरी होती.

तिचे दोषही घराण्यातलेच. मागची चाकं अशा तऱ्हेने जोडलेली की वळणावर वेग असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, तर बाहेरचं चाक आत दुमडायचं आणि गाडीची शेपटी सटकायची. पर्वरीहून बेतीकडे उतरताना दोनदा हा अनुभव घेतल्याचं मामा कबूल करतात, तिसऱ्यांदाचं मामींनी सांगितलं. सरळ रस्ता हवा तर रायबंदरचा तो लांबलचक बांध होता, सतराव्या शतकातला. तिथे पहाटे गाडी दाबायची, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीच्या आधी.

पण मामा सगळ्यात जास्त बोलतात ते फेरीबोटीबद्दल. मांडवीवर पूल झाला होता, जुवारीवर नव्हता. तो १९८३ला झाला. मडगावला जायचं तर आगशीला फेरी घ्यायची आणि कुठ्ठाळीला उतरायचं. भरती असली की गाडी अलगद आत जायची. ओहोटीला रॅम्प खाली झुकायचा आणि हेराल्डचा सायलेन्सर लोखंडावर खर्रकन घासायचा. मग दोघांना खाली उतरवायचं, गाडी हलकी करायची, तिरकी घालायची. फेरीतले मासे विकणारे, शाळेची पोरं, कदंबा या सरकारी बससेवेच्या आधीच्या खाजगी बसचे कंडक्टर, सगळे सल्ला द्यायला हजर. वर ऊन किंवा पाऊस, टप नाही. पावसाळ्यासाठी मामांनी मेणकापडाचं आच्छादन शिवून घेतलं होतं, ते पन्नासच्या वर वेग गेला की उडायचं. मामा म्हणतात, जुवारीवर पूल झाला तेव्हा सगळे खूश होते, ते एकटेच थोडे नाराज.

तोवर गाडी खलास होत आली होती. समुद्राचं वारं पत्रा खातं, चेसिसची मागची टोकं आतून गंजतात आणि बाहेरून लांबी, म्हणजे पुट्टी, लावून रंग दिला की कळत नाही. स्टँडर्डने दोन दारांची हेराल्ड सोडून चार दारांची काढली, मग गझेल काढली आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तीही थांबवली. मग स्पेअर पार्ट भंगारातून शोधायचे. डिसेंबर १९८३ला मारुती ८०० आली आणि देशभरच्या हेराल्डांचं भवितव्य ठरलं. मामांनी ८५ साली मारुतीसाठी नंबर लावला आणि हेराल्ड मडगावच्या एकाला विकली. किती रुपयांना, हे ते सांगत नाहीत. आरसी बुक त्याच्याबरोबर गेलं. GD ने सुरू होणारा नंबर मात्र मामांना फोन नंबरासारखा पाठ आहे.

पुढे १९९८च्या सुमारास बंगळूरच्या सॅन मोटर्सने स्टॉर्म नावाची फायबरची दोन सीटची उघडी गाडी काढली होती, रेनॉच्या इंजिनची. मामांनी ती पाहिली आणि म्हणाले, बरी आहे. एवढंच.

आज जुन्या गाड्यांना निदान कायद्याचा आधार आहे. २०२१च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशाच कामांपुरती रस्त्यावर. आणि एक अट: गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नको.

मी हा नियम मामांना वाचून दाखवला. मामांच्या हेराल्डचा टप काढलेला, म्हणजे ती आज सापडली तरी अडचणच. मामा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “अरे, टप बोल्टवर असतो. अर्ध्या दिवसाचं काम. मेस्त गेला, पण त्याच्या पोराच्या खुराड्यावर तो अजून आहे, मी मागच्या मे महिन्यात बघून आलोय. टप मिळेल रे. गाडी शोध तू.”