तारीख बदलायची फी भरली की झालं?

विमानाच्या तिकिटाची तारीख बदलायला ठरावीक फी पुरते, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. फी हा खर्चाचा एक भाग, अनेकदा छोटा. खरा फटका भाड्यातल्या फरकाचा.

समजा, पुणे-दिल्ली तिकीट ४,५०० रुपयांना घेतलं. आता तारीख दिवाळीतली हवी आणि त्या दिवशीचं भाडं ९,००० आहे. बदलाची फी ३,००० धरली, तरी वर ४,५०० फरक. म्हणजे ७,५०० नव्याने भरायचे. नवं भाडं कमी असेल, तर उरलेले पैसे परत मिळतीलच असं नाही.

जुनं तिकीट स्वस्तातलं असेल, तर ते रद्द करून नवं काढणं कधीकधी परवडतं. ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणजे सगळेच पैसे बुडाले, हेही चूक. डीजीसीए म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था; तिच्या नियमानुसार रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त नसावं. विमानतळाचं वापरकर्ता शुल्क अशा तिकिटावरही परत मिळतं.

विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केलं असेल, तर फीचा प्रश्नच नाही: दुसरं विमान किंवा परतावा मागा.