सुतारकामाच्या मेजाची वरची फळी

सुतारकामासाठी मेज करायचे ठरले की वरच्या फळीसाठी मिळेल तितके कठीण लाकूड शोधण्याकडे बहुतेकांचा कल असतो. वस्तुतः कठीणपणा हा येथे दुय्यम गुण आहे. मेज कठीण आणि त्यावरील काम मऊ असेल, तर चिमटल्याची खूण कामावर उमटते. मेज थोडे मऊ असेल, तर ती मेजच आपल्या अंगावर घेते. पटाशीवर ठोका मारताना फळी लवता कामा नये हे खरे, पण तो प्रश्न मुख्यतः जाडीचा आहे. रुंदी आणि आधारांमधले अंतर तेच ठेवून जाडी दुप्पट केली, तर फळीचा ताठपणा आठपट होतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. हवेतील बाष्प लाकडाच्या पेशींच्या भिंतींत शिरते आणि लाकूड फुगते, मात्र सर्व दिशांना सारखे नाही. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. वार्षिक वलयांना समांतर अशा आडव्या दिशेने तो सर्वाधिक असतो, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सागात त्याच्या निम्म्याहूनही कमी. उन्हाळ्यात ८ टक्के असलेला लाकडातील ओलावा पावसाळ्यात १६ टक्क्यांवर गेला, तर ६० सेंटिमीटर रुंदीचा सागाचा पृष्ठभाग पहिल्या दिशेने सुमारे ९ मिलिमीटर वाढतो, दुसऱ्या दिशेने सुमारे ४. म्हणूनच अरुंद पट्ट्या वलये उभी येतील अशा, म्हणजे रुंदी कमी फुगणाऱ्या दिशेत येईल अशा, चिकटवाव्यात आणि चौकटीला लांबट भोकांतून स्क्रूने बसवाव्यात. घट्ट जखडलेली फळी पोक तरी काढते, नाहीतर तडकते.

प्लायवूडमध्ये लगतच्या थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात असल्याने ते फारसे फुगत-आकसत नाही, परंतु वरचा थर इतका पातळ असतो की झिजल्यावर रंधा मारून सपाट करता येत नाही. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू डिंकासह दाबून केलेला तक्ता) सपाट, वजनदार आणि स्वस्त. पाणी लागले की मात्र कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. सनमायकावरचा सुकलेला गोंद सहज निघतो, पण रंधा मारताना काम घसरते. लोखंडी पत्रा तर टाळावाच: पटाशीची धार जाते, शिवाय ओल्या लाकडातील टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन निळे-काळे डाग पडतात. (जुनी शाई याच रसायनावर होत असे.)

माझी पसंती सागाच्या जाड पट्ट्यांच्या फळीला, आणि गोंद-रंगाच्या कामापुरता वर सुटा हार्डबोर्ड टाकण्याला. तो खराब झाला की उलटावा, मग बदलावा.