दुधाची दाढ पडत नाही? काढण्याआधी एक्स-रे काढा

“पोरगी बारा वर्षांची झाली, दुधाची दाढ हलतही नाही, काढून टाका,” असं सांगत पालक आमच्या दवाखान्यात येतात. आम्ही लगेच काढत नाही. काही लेकरांच्या त्या दाढेखाली पक्का दात तयारच झालेला नसतो. दाढ काढली, की तिथे कायमची फट.

अक्कलदाढ नसणं सर्रास आहे, त्याची काळजी नको. पण ती सोडूनही शंभरातल्या पाच-सहा जणांना एखाददुसरा पक्का दात जन्मतःच नसतो. कोणता नसेल, यालाही एक वळण आहे. खालच्या जबड्यातली दुसरी उपदाढ (उपदाढा म्हणजे सुळा आणि मोठ्या दाढांच्या मधले, दुधाच्या दाढांच्या जागी येणारे दोन पक्के दात), वर समोरच्या दोन मोठ्या दातांच्या बाजूचा दात, नाहीतर वरची दुसरी उपदाढ. सुळे आणि पहिली दाढ क्वचितच. बाजूचा दात एकीकडे नसला, तर दुसरीकडचा बरेचदा खुंटीसारखा निमुळता असतो.

हे बहुतेक वेळा घराण्यातून येतं. मामा, आत्या, आजोबा यांना विचारून पाहा. गरोदरपणी आईनं काय खाल्लं किंवा ग्रहण पाळलं की नाही, याचा इथे संबंध नाही. कृपा करून सुनेला बोल लावू नका.

बरेच दात नाहीत, केस विरळ आहेत आणि लेकराला घामच येत नाही, असं एकत्र दिसलं तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात अशा लेकराचं अंग तापून जिवावर बेतू शकतं. त्याला उन्हात शेतावर नेऊ नका, अंग ओलं ठेवा.

खाली दात नसला आणि दुधाची दाढ घट्ट असली, तर ती जपा. नीट घासली तर तिशी-चाळिशीपर्यंतही टिकते. फट असेल तर तारेनं बुजवता येते किंवा काढता-घालता येणारा दात बसवता येतो. हाडात स्क्रूचा दात बसवायची घाई अठराच्या आत करू नका. जबडा वाढत राहतो आणि तो दात शेजाऱ्यांच्या मागे पडतो.

पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, आमच्याकडे निघत नाही. चिठ्ठी आम्ही देतो. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात काढून आणा. उपदाढेचा कोंब कधीकधी उशिरा दिसतो, म्हणून नऊ वर्षांच्या आत “दात नाहीच” असं ठरवू नये. थोरल्याला दात नसल्याचं निघालं, तर धाकट्यालाही दहावं लागलं की दाखवून घ्या.