अमूर्त मुद्राचित्रण

धातूचा पत्रा, लाकूड किंवा दगड यांवर ठसा तयार करून त्यावरून कागदावर चित्र उठवण्याच्या कलेला मुद्राचित्रण म्हणतात. माणूस, झाड, देऊळ असे ओळखीचे काही न दाखवता रेषा, पोत आणि रंग यांवरच सारी भिस्त ठेवली, की ते अमूर्त मुद्राचित्रण.

सांगली जिल्ह्यातल्या वाचकाला तांब्याच्या पत्र्याशी असलेले हे नाते परके वाटू नये. १८०५ साली मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरवून भगवद्गीता छापवली. उलटे कोरायचे आणि सुलटे उमटवायचे, ही शिस्त आजच्या मुद्राचित्रकारालाही चुकलेली नाही. पत्र्यावर डावीकडे दिलेला रंगाचा भार कागदावर उजवीकडे जातो आणि चित्राचा तोलच पालटतो.

रंगाच्या बाबतीत मोठी झेप पॅरिसमध्ये पडली. ब्रिटिश मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी १९२७ मध्ये सुरू केलेली तिथली कार्यशाळा पुढे ‘आतेलिए १७’ या नावाने गाजली. आंध्रातून गेलेले कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८) आणि मुंबईत जन्मलेले कायको मोती यांनी तिथे व्हिस्कॉसिटी छपाई, म्हणजे शाईच्या कमीजास्त दाटपणावर चालणारी छपाई, घडवली. एरवी रंगागणिक वेगळा ठसा करून कागद पुन्हापुन्हा दाबाखालून काढण्याची रीत होती. इथे एकाच पत्र्यावर सगळे रंग चढतात आणि कागद एकदाच प्रेसमधून जातो.

यातली युक्ती तेलाची आहे. पत्रा आम्लाने आणि हत्यारांनी उंचसखल केलेला असतो. एका शाईत जवसाचे तेल जास्त घालतात. ती सुरीवरून काकवीसारखी ओघळते. कडक रोलरने ती फक्त उंचवट्यांवर बसते. दुसरी शाई, कढईतून उतरवायला आलेल्या गुळासारखी घट्ट, मऊ रोलरने खोलगट भागापर्यंत पोहोचते. पातळ शाई तिला आपल्यावर चिकटू देत नाही, म्हणून दोन्ही रंग शेजारी राहतात, तरी कडांशी एकमेकांत थरथरतात. रेड्डी मुळात शिल्पकारही होते. ‘व्हर्लपूल’ (१९६३) या त्यांच्या चित्रात पाण्याचा भोवरा दिसतो तो पत्र्यात खोदलेल्या खोलीमुळे; रंग त्या खोलीमागोमाग जातो.

लाकडाची तऱ्हा निराळी. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेन्थेलर यांनी ‘ईस्ट अँड बियाँड’ (१९७३) या काष्ठमुद्रेत लाकडाचे तुकडे करवतीने वेगळे कापून रंग लावले. कॅनव्हासवर रंग ओतून मिळणारा मोकळेपणा त्यांनी लाकडातूनही मिळवला, आणि हे फार अवघड काम आहे.

असे चित्र पाहताना प्रकाश तिरका पडू द्यावा. पत्र्यावरून छापलेले असेल, तर त्याच्या कडेचा कागदात दबलेला चौकोन बोटालाही जाणवतो. खाली पेन्सिलीने ५/२० लिहिले असेल, तर वीस प्रतींच्या आवृत्तीतली ती पाचवी. व्हिस्कॉसिटी छपाईत मात्र शाई प्रत्येक वेळी नव्याने मळावी आणि चढवावी लागते, त्यामुळे सहाव्या प्रतीतला निळा पाचवीतल्यापेक्षा किंचित वेगळा निघू शकतो.