तोंडओळखीचे बळ

‘ओळख नसेल तर गोव्यात काम मिळत नाही,’ हे डिचोलीच्या बसस्टँडपासून वेर्ण्याच्या कारखान्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात ओळख म्हणजे वशिला असतो: मामा, काका, वाड्यावरचा पुढारी. मला हा अर्थच चुकीचा वाटतो. कामाची खबर बहुतेकदा आणतात ती नुसत्या तोंडओळखीची माणसे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, ज्याने खबर दिली त्याला तुम्ही कितीदा भेटत होता? त्यांचा निबंध १९७३ साली आला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी १६.७ टक्केच त्या माणसाला आठवड्यातून किमान दोनदा भेटत. ५५.६ टक्के अधूनमधून भेटत, तर २७.८ टक्के वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी.

असे का? कागदावर तीन ठिपके काढा: तुम्ही, तुमचा जिवलग मित्र आणि त्याचा दुसरा जिवलग. घट्ट मैत्रीची रेषा जाड काढा, तोंडओळखीची बारीक. दोन रेषा जाड असल्या की तिसरी आज ना उद्या पडतेच, कारण चवथीला तिघेही गणपतीसमोर एकाच माटोळीखाली, म्हणजे वर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली, आरतीला उभे असतात. त्रिकोण पुरा झाला. असे त्रिकोण एकमेकांत गुंतले की दाट जाळे होते, आणि त्यात शिरलेली खबर दोन दिवसांत सगळ्यांना ठाऊक होते. आता दोन जाळ्यांना जोडणारी एकच रेषा, म्हणजे पूल, घ्या. ती जाड असती तर त्रिकोणाच्या नियमाने तिच्या शेजारी आणखी रेषा पडल्या असत्या आणि ती एकटी उरली नसती. म्हणजे पूल असलेली रेषा बारीकच असणार! प्रत्येक बारीक रेषा पूल नसते, पण पूल शोधायचा तो बारीक रेषांतच. हा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ ठिपके काढत बसलो होतो.

२०२२ साली लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडणाऱ्या संकेतस्थळावरच्या सुमारे २ कोटी लोकांवरील प्रयोगांतून हे पुन्हा तपासले गेले. सर्वांत उपयोगी ठरल्या मध्यम बारीक रेषा, अगदी पुसट नव्हेत. तेव्हा ‘हजारो अनोळखी माणसे जोडा’ हा सल्ला विकणाऱ्यांपासून दूर राहा.

मुलाच्या नोकरीसाठी कौल लावणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांची तळमळ खरी आहे. पण कौलासाठी मूर्तीला लावलेली पाकळी ओलाव्याने चिकटते आणि तो सुकला की गळते. रिकाम्या जागेची खबर माणसांकडेच असते.

आमच्या शेजारच्या मुलाला कुंडईच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेची खबर कॉलेजात दोन वर्षे पुढे असलेल्या मुलीने दिली. दोघांचे बोलणे फारसे नव्हतेच. टायट्रेशनचे, म्हणजे द्रावणातल्या रसायनाचे प्रमाण मोजण्याच्या प्रयोगाचे, आकडे तो जुळवून न घेता, आले तसे लिहायचा, एवढे तिने पाहिले होते. साहेबांना तिने तेवढेच सांगितले.