डायडोनं ‘स्टॅन’साठी गायलंच नव्हतं

अमेरिकी रॅपर एमिनेमच्या ‘स्टॅन’ या गाण्यातल्या बाईच्या आवाजातल्या ओळी ब्रिटिश गायिका डायडोनं खास त्याच्यासाठी गायल्या, असं आजही अनेकजण छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. त्या ओळी तिच्या ‘थँक यू’ या आधीच्याच गाण्यातल्या. ते 1998 च्या ‘स्लायडिंग डोअर्स’ चित्रपटात होतं, पुढच्या वर्षी तिच्या अल्बममध्ये आलं; ‘स्टॅन’ आलं 2000 मध्ये. संगीत निर्माता 45 किंगनं ‘थँक यू’मधला तुकडा उचलून नव्या ठेक्यावर बसवला. गंमत म्हणजे ‘स्टॅन’चं धृवपद मूळ गाण्यात साधं पहिलं कडवं आहे! त्या कडव्यातली गार झालेल्या चहाची उदासी पुढे चक्क प्रेमाच्या कृतज्ञतेत विरघळते. एमिनेमनं फक्त उदासी ठेवली. गैरसमजाला ‘स्टॅन’चा व्हिडिओही कारणीभूत असावा: त्यात स्टॅन या पात्राची गरोदर प्रेयसी झालीय ती डायडोच.